हॅज ऑलवेज बीन

३ मार्च, सकाळ

रोजनिशी इंग्रजीत लिहायचं ठरवलं होतं. पण इंग्रजीत लिहिली तर या घरात ती वाचण्याच्या लायकीचा मी एकटाच, आणि मराठीत लिहिली तरी वाचणारा मी एकटाच. मग मराठीतच बरी. हात तरी लवकर उरकतो.

निमित्त असं. कन्येने परदेशात आम्हा दोघांना बोलावलं आहे. मे महिन्यात तिचं बाळंतपण. सहा महिने राहायचं. त्याआधी व्हिसाची मुलाखत, पुढच्या महिन्यात, आणि तीही इंग्रजीत. बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या माणसाला त्याची काय भीती? भीती हिची. हिचं इंग्रजी म्हणजे 'थँक्यू' आणि 'सॉरी', आणि तेही बरेचदा एकाच्या जागी दुसरं.

बाळाची बातमी कन्येने मला डिसेंबरातच मेसेज करून दिली होती. इंग्रजीत. 'मे'चं पहिलं अक्षर लहान काढलं होतं. मी ताबडतोब उत्तर पाठवलं: महिन्यांची नावं मोठ्या अक्षराने सुरू होतात. त्यावर तिचं काही आलं नाही. लाजली असावी. तेव्हापासून मेसेज, फोन, सगळं थेट आईलाच करते. मला तपासण्याचा त्रास नको म्हणून. समजूतदार पोर.

४ मार्च

हिचा वर्ग सुरू केला. वेळ सकाळी दहा, जागा जेवणाचं टेबल. ही सव्वादहाला आली, पदराला हात पुसत. शाळेत घंटा झाली की मी वर्गाचं दार लावून घेत असे. जेवणाच्या टेबलाला दार नसतं, हे हिच्या पथ्यावर पडलं.

पहिला पाठ: माणसाचा स्वभाव इंग्रजीत कसा सांगावा. अडाणी माणूस म्हणतो, 'आय ॲम ऑनेस्ट.' आज आहेस बाबा, कालचं काय? आजच्या दिवसापुरता तर चोरही प्रामाणिक असतो. शिकलेला माणूस म्हणतो, 'आय हॅव ऑलवेज बीन ऑनेस्ट.' प्रेझेंट परफेक्ट. गुण तेव्हाही होता, मधल्या सगळ्या काळात होता, आत्ता या क्षणीही आहे. पाच शब्दांत अख्खं चारित्र्य. मराठीत ही सोय नाही. मराठीत माणूस आपला नुसता 'आहे'.

ही म्हणाली, आहे की सोय. आपण म्हणतो ना, 'हे पहिल्यापासूनच असे.'

मी सांगितलं की त्यात सूर वेगळा लागतो. ती म्हणाली, हो, तो मात्र लागतो.

मग विचारलं, मधे माणूस बदलला तर? मी म्हटलं, बदलतो तो गुण नव्हेच, ती लहर. यावर हिने मान डोलावली. ज्ञान पोचलं असं वाटलं, तेवढ्यात म्हणाली, दूध उतू चाललंय, जाऊ का?

६ मार्च

निश्चय: हिच्यावर आवाज चढवायचा नाही.

आजचं गृहपाठाचं वाक्य नवऱ्याच्या स्वभावावर. मुलाखतीत विचारतात. हिने उभं राहून सांगितलं, 'माय हजबंड ऑलवेज.' आणि बसली. ऑलवेज काय? काइंड? जेनरस? पंक्च्युअल? म्हणे, एवढ्यात सगळं आलं की हो.

मी आवाज चढवला नाही. फक्त दूरवर पोचेल असं समजावलं. खालच्या मजल्यावरच्या वहिनी, म्हणजे त्या निवृत्त बँकवाल्याची बायको, जिना चढून आल्या आणि सगळं ठीक आहे ना, विचारून गेल्या. लोकांना दुसऱ्याच्या घरात नाक खुपसल्याशिवाय अन्न पचत नाही.

९ मार्च

रिकाम्या वेळात एक मजा केली. ओळखीच्या प्रत्येक माणसाला एकेक विशेषण दिलं, कायमचं. बँकवाला हॅज ऑलवेज बीन लाउड. जावई हॅज ऑलवेज बीन ऑर्डिनरी. (त्याला आत्तापर्यंत चारदाच भेटलो आहे. पण पारख असली की चारदा खूप झालं.) ही हॅज ऑलवेज बीन स्लो.

कन्या हॅज ऑलवेज बीन टिमिड. भित्री. लहानपणी माझ्यासमोर निबंध वाचताना तिचा आवाज कापायचा. कागद इतका थरथरायचा की चुकांखाली रेघा मारायला मला तो टेबलावर दाबून धरावा लागे. शाळेच्या संमेलनात म्हणे पाचशे माणसांपुढे धडाधड बोलायची. असेल. पाचशे माणसांना काय कळतं?

हिला ही विशेषणं वाचून दाखवली. स्वतःचं ऐकून हसली. म्हणाली, तुमच्या वाक्यात मी जन्मायच्या आधीपासूनच रेंगाळतेय. कन्येचं ऐकलं तेव्हा मात्र उठून आत गेली. डोळ्यांत कांदा गेला असावा. कांदा चिरत नव्हती, पण वास राहतो हाताला.

१३ मार्च

विद्यार्थिनी वर्गाला येत नाही. दुपारी खालच्या वहिनींकडे जाते. बाळासाठी स्वेटर विणायला शिकते, असं कळलं. मुलाखत तोंडावर आली आहे आणि ही सुया घेऊन बसली आहे. मी काही बोललो नाही. माझ्या अंगी पहिल्यापासून सोशिकपणा आहे.

१५ मार्च, दुपार

जिन्यात उभा होतो. ऐकायला नव्हे, जिन्यातला दिवा लागतो का ते पाहायला. खालून आवाज येत होते. वहिनी परदेशी दोन वेळा जाऊन आलेल्या, त्यामुळे स्वतःला राजदूत समजतात. त्या झाल्या होत्या व्हिसाच्या साहेब. 'व्हाय यू गो?' असं दरडावून विचारत होत्या. आणि आमची ही काहीतरी बोलून खो खो हसत होती. मग दोघीही हसत होत्या.

आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवावी तसं. इंग्रजी शिकताना हसू येत असेल तर आपण चुकीचं शिकतो आहोत हे नक्की समजावं. माझ्या वर्गात बत्तीस वर्षांत कोणी हसलं नाही.

दिवा लागत होता. पण पाच-सहा वेळा लावून पाहावा लागला.

२२ मार्च

माझी स्वतःची तयारी झकास. आरशासमोर बोलून पाहतो. 'आय हॅव ऑलवेज बीन अ डिव्होटेड फादर.' आवाज भरदार येतो, फक्त 'डिव्होटेड'ला डावी भुवई वर जाते. ती खाली ठेवायचा सराव चालू.

तिकडे गेल्यावरची योजना: रोज सकाळी कन्येशी शुद्ध इंग्रजीत संभाषण. संध्याकाळी जावयाचे उच्चार. बाळाच्या कानावर पहिल्या दिवसापासून पूर्ण वाक्यंच पडली पाहिजेत. घरोघरी मोठी माणसं तान्ह्यांशी बोबडं बोलतात आणि मग पोरं जन्मभर अर्धवट राहतात. आमच्या घरात ते चालणार नाही. कन्येला केवढा आधार होईल माझा.

हिला सांगितलं. म्हणाली, आधी तिची झोप होऊ दे म्हणजे झालं.

२ एप्रिल

मुलाखत झाली. तपशील शांतपणे लिहितो.

मोठं दालन, लांबलचक रांग, पुढे काचेच्या खिडक्या. हिला आणि मला वेगवेगळ्या खिडक्यांवर बोलावलं. ही माझ्याकडे बघून घाबरेल म्हणून मी तिच्याकडे पाहिलं नाही.

माझ्या खिडकीत कन्येच्याच वयाची एक मुलगी. पहिला प्रश्न: 'व्हाय यू आर गोइंग?' आता यावर गप्प बसणारा माणूस वेगळा. मी हसून म्हटलं, 'व्हाय आर यू गोइंग.' ती म्हणाली, हो, तेच विचारते आहे. मी पुन्हा सांगितलं, आधी 'आर', मग 'यू'. तिने थँक्यू म्हटलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. टिपून घेतलं असणार.

पुढे विचारलं, मुलगी काय करते? मी सांगितलं, ग्रंथालयात नोकरी. तिने समोरचा कागद पाहिला. म्हणाली, ग्रंथालय सोडून दोन वर्षं झाली, आता ती लहान मुलांच्या शाळेत शिकवते. शिकवते! हे मला काचेपलीकडच्या परक्या बाईकडून कळावं! हिने सांगितलं असेल कधीतरी, भाजी चिरता चिरता, मी वाचत असताना. महत्त्वाच्या गोष्टी सांगायची ही रीत नव्हे.

मग विचारलं, मुलीशी शेवटचं कधी बोललात? मी म्हटलं, 'वी हॅव ऑलवेज बीन क्लोज.' निर्दोष वाक्य. ती म्हणाली, कधी, ते सांगा. मी म्हटलं, डिसेंबरात, तिने बाळाची बातमी दिली तेव्हा. मग तुम्ही काय म्हणालात? मी मोठ्या अक्षराचं सगळं सविस्तर सांगितलं.

ती माझ्याकडे पाहत राहिली. बराच वेळ. प्रभावित झाली असं तेव्हा वाटलं.

हिचं काम माझ्या निम्म्या वेळात उरकलं. बाहेर बाकावर बसली होती. काय विचारलं, काय सांगितलंस? म्हणाली, साहेबाने विचारलं कशाला जाता, मी सांगितलं, 'डॉटर फर्स्ट टाइम. शी फिअर. आय मदर.' तीन वाक्यं, धड क्रियापद एकाही वाक्यात नाही.

हिचा पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला आणि माझा तिथल्या तिथे परत दिला. मला वाटलं, पुढच्या चौकशीची गरज नाही म्हणून दिला. तसंच होतं म्हणा.

३ एप्रिल

हिला व्हिसा दिला, मला नाकारला. कारण उघड आहे. मत्सर. दुरुस्ती केलेली कोणाला आवडत नाही. जो देश क्रियापदावाचून माणसं आत घेतो आणि प्रेझेंट परफेक्टला दारातून परत पाठवतो, त्या देशाचं भवितव्य काय, हे मी लिहून ठेवत नाही.

बँकवाला जिन्यात भेटला आणि मोठ्याने वाईट वाटलं म्हणाला. अख्ख्या इमारतीला वाईट वाटावं, एवढ्या मोठ्याने.

७ एप्रिल

हार मानणाऱ्यांतला मी नव्हे. पुन्हा अर्ज करायचा. कन्येकडून नवं बोलावणं मागवायचं, त्यात वडिलांची गरज ठळक हवी. मसुदा मीच करून देतो, तिने सही करावी. हिला सांगितलं, फोनवर कन्येला कळव. ही म्हणाली, बघू.

१० एप्रिल

कळवलंस का? बघू.

मी म्हटलं, मीच फोन करतो. म्हणाली, नको, ती शाळेत असेल. संध्याकाळी करतो. झोपली असेल. मग तुझा फोन कसा लागतो? म्हणाली, मला तीच करते.

१२ एप्रिल

आज हिने लोकरीचा गुंडा करायला घेतला आणि लोकरीची लडी माझ्या दोन्ही हातांत अडकवली. म्हणजे मला उठता येणार नाही. मुद्दामच होतं, हे नंतर लक्षात आलं.

मी पुन्हा बोलावण्याचा विषय काढला. लोकर गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "ती दुसरं बोलावणं पाठवणार नाही हो."

मी म्हटलं, का? पहिलं पाठवलं ना?

"पहिल्यातही तुमचं नाव मीच घालायला लावलं. म्हटलं, राहू दे, त्यांना वाईट वाटेल. ती म्हणाली होती, 'आई, तू एकटी ये. बाळंतपणात मला चुका काढणारं माणूस नकोय.'"

माझे हात तसेच पुढे. लडी संपेपर्यंत ती गुंडाळत राहिली. लडी बरीच मोठी होती.

१३ एप्रिल

विशेष काही नाही.

१४ एप्रिल

कृतघ्न. ज्या इंग्रजीवर ती तिकडे गेली, शिकवते, पोट भरते, ते कोणाच्या रेघांमुळे आलं? चूक दाखवतो तोच आपला, बाकीचे सगळे तोंडदेखले. तिला हे सांगितलं पाहिजे. हिला म्हटलं, फोन लाव, मी सांगतो तिला.

हिने लगेच लावून दिला. पलीकडून कन्या म्हणाली, हॅलो, आई? मी म्हटलं, इथे सकाळपासून ढगाळ आहे. ती म्हणाली, बाबा? काय झालं? मी म्हटलं, काही नाही, ढगाळ आहे. आणि फोन हिच्याकडे दिला.

हवामान माहीत असलेलं बरं असतं.

१ मे

हिला विमानतळावर सोडून आलो. सामानाच्या गाडीचं एक चाक वाकडं, ती सारखी भिंतीकडे जायची. मी ढकलत होतो, ही पुढून ओढत होती. लोक आमच्याकडे पाहत होते.

आत जाताना म्हणाली, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत, साखर आणि मीठ नीट वाचून घ्या. वाचून घ्या! मला! मग म्हणाली, तिला काही सांगायचंय का? मी म्हटलं, काळजी घे म्हणावं. ही जरा थांबली. म्हणाली, आणखी? मी म्हटलं, बस, एवढंच. ही गेली. मागे वळून हात हलवला, त्या हातात पासपोर्ट होता, पडता पडता वाचला. हॅज ऑलवेज बीन स्लो, पण आज फार भरभर गेली.

३ मे

एकांत मिळाला. आता शिस्त. पहाटे उठणे, फिरणे, वाचन, स्वयंपाक स्वतः, दुपारी लेखन. इतकी वर्षं घरात माणसं असल्यामुळे माझ्या हातून मोठं काम झालं नाही, हे आता सिद्ध होईल.

८ मे

पहाट हुकते. गजर चांगला वाजतो, पण ऐकायला जागं असावं लागतं.

दुधाला राखण लागते हे माहीत नव्हतं. ते माणूस पाठ फिरवायची वाट पाहतं. इस्त्रीने एका शर्टाच्या पाठीवर स्वतःचा आकार उमटवला. पाठ कोणाला दिसते? कोटाखाली चालेल. डब्यांवरच्या हिच्या चिठ्ठ्या फाडून टाकल्या होत्या, अपमान म्हणून. त्यानंतर सलग तीन कप चहा खारट.

खालच्या वहिनी झाकलेलं ताट घेऊन आल्या. मी म्हटलं, मी जेवलो आहे. ताट ठेवून गेल्या. चव साधारण. पुसून परत दिलं.

१५ मे

कन्येला स्वतःहून मेसेज करायचं ठरवलं. दिवस भरत आलेत, धीर द्यावा.

'हाऊ आर यू' लिहिलं. फार बाळबोध वाटलं, पुसलं. मग 'यू हॅव ऑलवेज बीन' लिहिलं. वाक्याची सुरुवात उत्तम. पुढे विशेषण घालायचं. टिमिड घालता येईना. एकटी परक्या देशात गेली, घर मांडलं, आता पोरांपुढे उभी राहून शिकवते. मग ब्रेव्ह? पण ब्रेव्ह ऑलवेज असेल तर कागद का थरथरत होता? इतरांपुढे थरथरत नव्हता म्हणे.

दुपारभर बसलो होतो. शब्दकोशही काढला. शब्दकोशात पुष्कळ विशेषणं आहेत, पण तिला कोणतं बसतं हे ठरवायला तिला ओळखणारं कोणी हवं.

पुसून टाकलं. तसंही नेट जरा कमजोरच आहे.

२४ मे

बाळ झालं. मुलगी. दोघी सुखरूप. हिने कळवलं. बँकवाल्याला सांगितलं, त्याने इमारतीला सांगितलं. माझे कष्ट वाचले.

उद्या दुपारी कन्या व्हिडिओवर दाखवणार, असं ही म्हणाली. मी हिला विचारलं, उद्या नक्की ना? म्हणाली, तिनेच सांगितलंय, बाबांना बसायला सांग.

२५ मे, दुपार

कोट घालूनच बसलो होतो, जेवणाच्या टेबलाशी. बाळासाठी स्वागताचं एक पूर्ण वाक्य तयार ठेवलं होतं. दोन उपवाक्यं, क्रियापदं जागच्या जागी.

फोन आला. आधी हिचा अर्धा चेहरा, मग छत, मग ते बाळ. लाल, सुरकुतलेलं, एक मूठ गालाशी. कन्या पलंगावर मागे टेकलेली, केस विस्कटलेले. मी वाक्य आठवत होतो.

कन्या म्हणाली, "बाबा, बोला ना तिच्याशी काहीतरी. आवाज ओळखीचा होऊ दे."

आणि माझ्या तोंडातून निघालं, "अले अले अले, कोन आलंय? कोन आलंय ग माझं शोनं?"

याला वाक्य म्हणत नाहीत. मला स्वतःला माझा आवाज ओळखता आला नाही. पलीकडे कन्या हसली. टाक्यांवर हात धरून हसत होती. हिला म्हणाली, आई, हे बघ ना, बाबा बोबडं बोलतायत. म्हणजे तिचं हसणं असं असतं. वरचे दात जरा पुढे आहेत, माझ्यासारखे.

मी पुढे बोलणार तोच बाळ रडायला लागलं. त्याला भूक लागली म्हणाल्या. कन्या म्हणाली, नंतर करते, बाबा, आणि फोन बंद झाला.

नंतर म्हणजे कधी, ते विचारायचं राहिलं. आज, उद्या की पुढच्या आठवड्यात?

कोट अजून काढलेला नाही. फोन पूर्ण चार्ज करून समोर ठेवला आहे.